रेघेच्या खालचं पाणी

मिठागरात त्यांना सगळे चाखेकाका म्हणायचे. खरं आडनाव दुसरंच होतं. एकदा नव्या हजेरीवाल्याने ते आडनाव घेऊन हाक मारली, तर काकांनी स्वतःच मागे वळून पाहिलं, की हा कोणाला बोलावतोय. आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते टोपणनाव मनापासून आवडायचं. आवडणारच. असलं नाव मिळायला लोक जन्मभर झिजतात.

काम असं होतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हात या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवायचं. पाणी उडत जातं, मागे उरलेलं जाड होत जातं, आणि शेवटच्या वाफ्यांत एक दिवस तळाला मीठ धरतं. इथपर्यंत सगळं ऊन-वारा करतात, माणसाची अक्कल लागत नाही. ती लागते पुढे. मिठावर जे पाणी उरतं ते आणखी जाड झालं, की त्यातून मीठ उतरायचं कमी होतं आणि कडवटपणा उतरायला लागतो. ते कडू पाणी वेळेवर सोडून द्यावं लागतं. लवकर सोडलं तर त्याच्याबरोबर मीठ वाहून गेलं. उशिरा सोडलं तर सगळा वाफा कडू आणि चिकट, फुकट दिला तरी कोणी दारात ठेवून घेणार नाही असा. पाण्याची जाडी एकोणतीस अंश झाली की वाफ्याच्या तोंडाची फळी उचलून ते सोडायचं, हा मिठागराचा नियम. आणि एकोणतीस झाले हे सांगायचा मान चाखेकाकांचा.

काका ते जिभेने सांगायचे. बांधावर उकिडवं बसायचं, करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे. मग म्हणायचं, "सव्वीस. परवा सत्तावीस." आणि सव्वीसच असायचे. शेजारच्या मिठागरातले लोक पैजा लावायला यायचे आणि चहा पाजून परत जायचे. एका वर्षी तर साहेबांनी, म्हणजे मिठागर सांभाळणाऱ्या मॅनेजरांनी, अख्खी ओळ दोन दिवस आणखी ठेवायची म्हणून ठरवलं होतं; काकांनी जीभ लावली आणि कोणाला न विचारता फळ्या उचलल्या. मीठ असं उतरलं की बघत राहावं. तेव्हापासून साहेब म्हणायचे, काका बोलले की विषय संपला.

काचेचा काटाही होता म्हणा. खाली शिसं भरलेला फुगा, वर बारीक नळी, नळीवर रेघा. पाण्यात सोडला की उभा तरंगतो, आणि पाणी ज्या रेघेशी टेकतं तेवढी त्याची जाडी. सोपं आहे. पण काकांनी कधी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "ज्याला जीभ नाही त्याने काच लावावी," असं ते म्हणायचे, आणि काटा वापरणारा माणूस समोर असेल तर जरा मोठ्याने म्हणायचे. आधीचा तपासनीस, बिचारा चष्मेवाला, या टोमण्यांना कंटाळून बर्फाच्या कारखान्यात निघून गेला.

त्याच्या जागी आली ती काकांची सून.

ती शिकलेली होती, प्रयोगशाळेचा कोर्स केलेला होता, आणि जागा तिला काकांच्या शब्दावर मिळाली नव्हती. उलट काकांना साहेबांकडूनच कळलं. घरात नवरा ट्रकवर, आठवड्यातून एकदा उगवणारा; सासू गुडघ्याने जेरीस आलेली; तिने सगळं आवरून काम धरलं होतं. काटा ती मऊ फडक्यात गुंडाळून आणायची, वापरला की गोड्या पाण्याने धुवायची, तान्ह्या पोराला पुसतात तसा पुसायची.

आल्यानंतर थोड्याच दिवसांत एका भर दुपारी तिने दुसऱ्या वाफ्याचं पाणी मापलं आणि म्हणाली, "बाबा, सत्तावीस." काकांनी करंगळी बुडवली आणि म्हणाले, "अठ्ठावीस." सगळे काम सोडून बघायला आले. संध्याकाळी पाणी निवल्यावर तिने पुन्हा मापलं, तर अठ्ठावीसच. तापलेलं पाणी हलकं होतं, काट्याला ते पातळ वाटतं. तो फरक धरायला हवा होता, ती विसरली होती. चूक बारीक होती, आणि नव्या माणसाकडून होते. पण काका ऐकतात कसले. सगळ्यांसमोर म्हणाले, "सूनबाई, तुझ्या काचेला ऊन लागलं. तिला जरा सावलीत निजव."

लोक पोट धरून हसले. तीही हसली. पण ते हसू सासरी आल्यावर शिकावं लागतं त्या जातीचं होतं. रात्री जेवताना काकांनी तोच विनोद पुन्हा सांगितला, मुलगा घरी आला तेव्हा पुन्हा, आणि पाहुणे आले तेव्हा त्यांनाही. दुसऱ्या दिवसापासून ती काट्याबरोबर तापमापीही आणायला लागली आणि परत कधी चुकली नाही. हे मात्र काकांनी पाहुण्यांना सांगितलं नाही.

आणि मग त्यांना ताप आला.

साधाच ताप होता, नाक चोंदलेलं, अंग मोडलेलं. आठवडाभर पडून राहिले आणि उठले. कामावर आले, पहिल्याच वाफ्याशी बसले, करंगळी बुडवली, जिभेला लावली. पाणी नुसतं ओलं लागलं.

त्यांनी पुन्हा बुडवली. मग मधलं बोट. मग कोणी बघत नाही असं पाहून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. ओलं. कोमट. बाकी काही नाही. मागून मीठ ओढणाऱ्या दंताळेवाल्याने विचारलं, "काय म्हणतंय पाणी?" आणि चाखेकाकांच्या तोंडून आपोआप निघालं, "पंचवीस." तोंडाला सवय असते, तिला चव लागत नाही.

असेल तापाचा असर, जाईल, असं म्हणत दिवस गेले. गेलं काहीच नाही. घरी भाजी खाताना चिंध्या चावल्यासारखं व्हायचं. त्यांच्या घरात एक जुनी रीत होती: स्वयंपाक झाला की पहिला घास काकांना, आणि बायको विचारणार, "मीठ कसं झालंय?" काका घास घोळवून सांगणार, "चिमूटभर कमी," किंवा "आज जमलं." आता ते दररोज म्हणायला लागले, "आज जमलं." एके दिवशी त्यांनी दोनदा भाजी घेतली आणि "अगं, झकास," म्हणाले. बायकोने स्वतःचा घास तोंडात घातला आणि तिचा हात तसाच थांबला. भाजीत मीठच नव्हतं. घाईत राहून गेलं होतं. तिने सुनेकडे पाहिलं, सुनेने तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी मुकाट्याने वरून मीठ घेतलं. काकांचं लक्ष ताटात होतं. आपल्याला कोणी पाहिलंच नाही अशी त्यांची समजूत. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातला प्रकार.

बरं, सांगायचं ना सरळ? आजाराने जीभ गेली, यात कसली आलीय लाज? माणसाचे डोळे जातात, दात जातात. पण काकांना ते तोंडातून काढवेना. चाखेकाकांची जीभ गेली तर मागे राहिलं कोण, हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. शिवाय आता सांगायचं म्हणजे उद्यापासून सुनेला विचारायचं, "बाई गं, किती झाले?" ज्या काचेला सावलीत निजवायला सांगितलं, तिच्यासमोर हात जोडायचे. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्यांना खरोखर वाटायचं.

काही दिवस पाण्याच्या रंगावर आणि जुन्या अंदाजावर भागलं. मग आभाळ भरून यायला लागलं, रंग कळेना, अंदाज चुकायला लागले. तेव्हा त्यांनी चोरी केली. म्हणजे तसं म्हणायला नको, पण त्यांना ती चोरीच वाटली. अवजारांच्या खोलीत चष्मेवाल्याच्या वेळचा एक जुना काटा पडलेला होता. त्याच्यावरचे आकडे पुसून गेले होते, एक लाल रेघ तेवढी शिल्लक होती, आणि ती एकोणतीसची हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी तो छत्रीत दडवला आणि सकाळी लोक यायच्या आत तिसऱ्या वाफ्यात सोडला.

काटा उभा राहिला. पाणी लाल रेघेच्या थोडं खाली टेकलं होतं. काका म्हणाले, ठीक, पाणी अजून रेघेपर्यंत चढलेलं नाही. भांड्यात दूध मापतो तसंच तर आहे, खूण गाठली नाही म्हणजे अजून कमी आहे. थांबू या.

आता ज्यांना काटा ठाऊक आहे त्यांनी कपाळावर हात मारला असेल. मारू द्या. काकांना ठाऊक नव्हता, आणि ज्याची आयुष्यभर टिंगल केली तो वाचायचा कसा, हे विचारणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी पाणी रेघेच्या आणखी खाली. तिसऱ्या दिवशी आणखी. काका चक्रावले. उन्हात पाणी पातळ कसं होतंय? त्यांनी डोकं खाजवलं आणि उत्तर काढलं: बांध गळतोय, मागच्या वाफ्यातलं पातळ पाणी आत शिरतंय. झालं. चार माणसं लावली, अर्धा दिवस बांध चाचपला, चिखलाने लिंपला. दंताळेवाला म्हणाला, "काका, बांध तर दगडासारखा आहे." काका म्हणाले, "तुला काय कळतंय, मी चाखलंय ना."

त्याच दुपारी सून बांधावर त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाज खाली ठेवून म्हणाली, "बाबा, तिसऱ्याचं पाणी सोडायला हवं. तीसच्या वर गेलंय."

"तुझी काच सांगते?"

"हो. निवल्यावर मापलंय, दोनदा."

"मग तिसऱ्यांदा माप. पाणी पातळ आहे."

 तिने काटा फडक्यात गुंडाळला. मग म्हणाली, "बाबा, तुमची जीभ तापानंतर... म्हणजे बरी आहे ना?"

काका तिच्यावर असे भडकले की लांबच्या लोकांनी माना वळवल्या. फळी उचलायचा हुकूम माझा आहे, काल आलेल्यांनी मला शिकवू नये, घरचं नातं घरी ठेवायचं, असं काय काय बोलले. ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तिने फक्त आकडा सांगितला. काकांनी मान हलवली नाही.

तिसरा वाफा काढला तेव्हा मीठ ओलसर होतं, बोटाला चिकटत होतं. दंताळेवाल्याने खडा जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला. शेजारचे दोन वाफे त्याच पाण्याचे, तेही तसेच. गिऱ्हाईकाने ट्रक दारातून परत पाठवला. साहेबांनी सगळ्यांना छपराखाली बोलावलं. साहेब ओरडणारे नव्हते, त्यामुळे ते हळू बोलायला लागले की लोकांच्या तोंडचं पाणी पळायचं.

"पाणी एवढं पुढे गेलं कसं?" त्यांनी विचारलं.

काका पुढे होते.  त्यांच्या तोंडून निघालं, "काटा रेघेला लागलाच नव्हता, साहेब."

ते खोटं नव्हतं. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण चाखेकाका काटा वापरतील हे तिथे कोणाच्या स्वप्नात येणार होतं? काटा म्हणजे सून, आणि काकांनी या खेपेला घरच्या माणसाच्या आकड्याला मान दिला असणार. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. काकांना ते कळलं, वाक्य तोंडातून सुटलं त्या क्षणी कळलं. तोंड उघडून "मी माझ्याबद्दल बोलतोय," एवढं म्हणायचं होतं. 

साहेबांनी तिला विचारलं, "तू मापलं होतंस?"

तिने आधी काकांकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून. काकांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "हो. माझंच वाचायला चुकलं असेल."

साहेबांनी तिला पिशव्या शिवायच्या छपरात पाठवलं. म्हणाले, नवा तपासनीस मिळेपर्यंत काका एकटे बघतील. कोणीतरी मागून कुजबुजलं, "काचेला ऊन लागलं," आणि दोघे-तिघे हसले. काकांचाच विनोद, काकांच्याच आवाजात. काकांना कानशिलात बसल्यासारखं झालं.

दुसऱ्या सकाळी ते छत्री घेऊन पाचव्या वाफ्याशी गेले. काटा सोडला. पाणी रेघेच्या खाली. म्हणजे थांबायचं, असं मनाशी म्हणत त्यांनी काटा उचलला. चिकट झाला होता. सून धुते हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून ते पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशी गेले आणि धुवायला म्हणून काटा आत सोडला.

काटा बुडाला. लाल रेघ बुडाली, वरची नळी बुडाली, टोक तेवढं पाण्याबाहेर राहिलं. पाणी रेघेच्या कितीतरी वर होतं. गोडं पाणी, ज्यात मिठाचा कणही नाही.

काका पिंपाची कड धरून उभे राहिले. मग काटा उचलून पळत वाफ्याकडे गेले, या वयात पळत, आणि सोडला. काटा वर आला, रेघ पाण्याबाहेर निघाली. परत पिंपाकडे. बुडाला. पाणी जाड तसा काटा वर उचलला जातो, आणि पाणी रेघेच्या खाली जातं. खाली म्हणजे जास्त. अहो, खाऱ्या पाण्यात अंडं वर येतं हे त्यांनी लहानपणापासून शंभरदा पाहिलं होतं, स्वतः लोकांना दाखवलं होतं. शेंबड्या पोराला कळेल अशी गोष्ट. पाणी रोज ओरडून सांगत होतं की मी जाड झालंय, मला सोडा, आणि हे बांध लिंपत बसले होते.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती पाचव्याची फळी उचलण्याची. तेवढं तरी केलं. मग बांधावर बसले आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीठ गेलं याचं नव्हे. मीठ पुन्हा येईल, समुद्र काही आटला नव्हता. ती दोनदा येऊन सांगून गेली होती. आवाज खाली ठेवून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि आपण मात्र तिला सगळ्यांच्या देखत उघडं पाडलं, तेही आपल्या चुकीसाठी.

एवढं कळल्यावर माणूस उठून साहेबांकडे गेला, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही गेला. त्या दिवशी साहेब कामात होते. दुसऱ्या दिवशी काकांचं पोट बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते कचेरीच्या दारापर्यंत गेले आणि पाणी प्यायला आलो असं सांगून पाणी पिऊन परत आले. घरी सून ताट वाढायची, "बाबा, अजून घ्या," म्हणायची, पूर्वीसारखीच. तिच्या बोटांना सुई टोचून टोचून चिकटपट्ट्या लागल्या होत्या. काका ताटावरून लवकर उठायचे. तिने भांडण केलं असतं, आदळआपट केली असती, तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं असतं. तिने ती सोय ठेवली नाही.

मग हजेरीवाल्याने बातमी आणली की नवा माणूस ठरला, सोमवारपासून येतो. सूनबाई आता कायमच्या पिशव्यांवर.

त्या दिवशी मात्र काका कचेरीत शिरले. दारात दंताळेवाला होता, आत साहेब. काकांनी उभ्यानेच सांगितलं. "साहेब, माझी जीभ गेलीय. तापात गेली. मी चोरून काटा वापरला आणि तो उलटा वाचला. तिने मला दोनदा बरोबर सांगितलं होतं."

साहेब ऐकत राहिले आणि हळूहळू हसायला लागले. उठून त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मानलं तुम्हाला. सुनेसाठी स्वतःचं नाव पणाला लावताय. पण मला फसवू नका. तुमची जीभ जाणार? आणि तुम्ही काटा वापरणार?" दारातल्या दंताळेवाल्याने मान डोलावली. म्हणाला, "असा सासरा मिळायला भाग्य लागतं."

काकांनी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. जितकं सांगितलं तितके साहेब हळवे झाले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत गोष्ट मिठागरभर झाली होती, आणि लोक वाटेत थांबून काकांना नमस्कार करत होते. इतकी वर्षं कमावलेलं नाव आता भिंतीसारखं समोर उभं होतं आणि खरं बोललेलं पलीकडे जाऊ देत नव्हतं. शिवाय त्या नावाला आणखी एक मोठेपणा चिकटला होता, तोही सुनेच्या जिवावर. काकांना स्वतःची किळस आली.

ते पाचव्या वाफ्याच्या चरापाशी गेले. सोडलेलं कडू पाणी तिथे साचून होतं, तेलासारखं जड. असलं पाणी चुकून ओठाला लागलं तरी माणूस दहादा चुळा भरतो. काकांनी पेला भरला आणि सगळे जेवत होते त्या छपरात आले. बायका डबे उघडून बसल्या होत्या, सून त्यांच्यात होती. साहेबही होते.

"हे चरातलं पाणी आहे," काका म्हणाले. "कोणाला शंका असेल त्याने बोट लावून बघा."

दंताळेवाल्याने बोट लावलं, तोंड वाकडं केलं आणि बाजूला थुंकला. काकांनी पेला तोंडाला लावला. घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. दुसरा घेतला. चेहऱ्यावर काही हललं नाही. पेला उतरवून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मला हे आणि पिंपातलं सारखंच लागतं," ते म्हणाले. आणि पुन्हा पेला उचलला.

"बाबा, पुरे," सून उठून पुढे आली आणि तिने पेला हातातून काढून घेतला.

कोणी हसलं नाही.  लोक आपापल्या डब्यांत बघायला लागले. आतापर्यंत काकांना वाटायचं की लोक हसतील ती लाज सगळ्यात मोठी. तसं नव्हतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सुनेला म्हणाले, "जा, मापायला सुरू कर. सोमवारच्या माणसाला मी कळवतो." ती "बरं" म्हणाली आणि काटा आणायला गेली.

कडू पाण्याने आपलं काम चोख केलं. दुपारभर काका मिठागराच्या संडासात जाऊन-येऊन होते, आणि बाहेर दंताळेवाला म्हणत होता की जीभ गेली असेल, पण आतडी जागी आहेत. हा विनोद पुढे बरीच वर्षं चालला. काकांनी तो चालू दिला.

संध्याकाळी ते कसेबसे घरी पोहोचले. सून ओट्याशी भाजी चिरत होती. बायको आत पाय शेकत होती. काका दारात उभे राहिले, आत येईनात.

"एक विचारू?" ते म्हणाले. "त्या दिवशी साहेबांसमोर तू तुझी चूक का म्हणालीस? खरं सांगायचं होतंस ना. तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं. तुम्ही अळणी भाजी दोनदा घेतलीत तेव्हापासून. आईंनाही ठाऊक होतं."

"मग? मला वाचवायला?"

ती चिरायची थांबली. जराशी गोंधळली, कारण कोणी हे सरळ विचारेल असं तिला वाटलं नसावं. मग तिने सरळ सांगून टाकलं. "नाही बाबा. मला वाटलं, मी माझी चूक म्हटल्यावर तुम्ही तिथल्या तिथे बोलाल. मी वाट बघत होते."

ती पुन्हा भाजीकडे वळली. रागाने नव्हे, भाजी राहिली होती म्हणून. काका तिच्या पाठीकडे बघत राहिले. एवढा आठवडा ते स्वतःला शिव्या देत होते, पण ही शिवी त्यांना सुचली नव्हती. तिने त्यांच्यावर भरवसा टाकला होता. सगळ्यांसमोर, सगळं पणाला लावून, एका क्षणासाठी टाकला होता, आणि त्या क्षणी ते आपल्या चपला बघत होते.

जेवायला बसले तेव्हा बायकोने जुन्या सवयीने पहिला घास त्यांच्यापुढे केला. "मीठ कसं झालंय?" म्हणाली, आणि म्हणून गेल्यावर ओशाळली.

काकांनी घास घेतला नाही. ताटली सुनेकडे सरकवली. "तिला विचार," म्हणाले. मान मात्र त्यांना वर करवेना.

सुनेने घास तोंडात घातला, जरा घोळवला.

"चिमूटभर कमी आहे," ती म्हणाली, आणि मिठाचं भांडं ओढलं.